बडबडीचे अंथरूण

मित्रांनो, माझे नाव ऐकून दचकू नका. मी पंजा आहे खरा, पण वाघाचा नव्हे, पेंढ्याचा. घोड्यांच्या पागेत पेंढा उचलायचा, झटकायचा, पसरायचा आणि ओला झाला की बाहेर काढायचा, हे माझे काम. मला लोखंडाचे चार लांब दात आहेत आणि माणसाच्या खांद्यापर्यंत येईल असा लाकडी दांडा आहे. मी इतका जुना आहे की माझ्याबरोबर पागेत आलेली बादली आणि घमेले केव्हाच भंगारात गेले. पण आज सकाळपासून माझ्या अंगात असे काही वारे शिरले आहे की विचारू नका. आज पागेत जे घडले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही. मात्र ते नीट कळायला हवे तर मला थोडे मागून यावे लागेल, तेवढा धीर धरा.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. एका मोडक्या गाडीचा कमानपाटा, म्हणजे चाकांवरची धक्के सोसणारी पोलादी पट्टी, तापवून, तोडून, ठोकून त्याने माझे दात घडवले. पोलाद जातिवंत होते, हे मी नाही, लोहारच म्हणाला. दांडा सुताराने बसवला आणि त्याच दिवशी मोतद्दारकाका मला खांद्यावर टाकून पागेत घेऊन आले. मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस. काका तेव्हा तरुण होते आणि त्यांच्या मिशा घोड्याच्या शेपटीइतक्या काळ्या होत्या. आता त्या पांढऱ्या झाल्या आहेत आणि माझा दांडा काळा पडला आहे, म्हणजे हिशेब बरोबर जुळला.

आमच्या पागेत आठ ठाणी आहेत. प्रत्येक घोड्याची स्वतंत्र खोली, तिला अर्ध्या उंचीचे दार, आणि दारावरून बाहेर डोकावणारे एक लांबलचक तोंड. तुम्हाला कुणीतरी सांगितले असेल की घोडा उभ्याने झोपतो. डुलकी तो उभ्याने काढतो, हे खरे. पण गाढ झोपायचे तर तोही तुमच्यासारखाच आडवा होतो, आणि आडवा होतो तो खालचे अंथरूण पसंत पडले तरच. नाही पडले तर रात्रभर ताटकळत उभा राहील आणि सकाळी स्वाराला घेऊन निघताना ठेचकाळेल. म्हणून पागेत घोड्याच्या चाऱ्याइतकाच त्याच्या अंथरुणाचा विचार करावा लागतो, आणि तो विचार माझ्या दातांवरून गेल्याशिवाय पुरा होत नाही.

काय काय पसरले आम्ही इतक्या वर्षांत! एकदा वाळू आणली. ती माझ्या दातांतून सरळ गळून जायची आणि मी रिकामाच वर यायचो. एका घोड्याने तर चाऱ्याबरोबर ती खाल्ली आणि त्याला अशी पोटदुखी लागली की काकांनी दुसऱ्या दिवशी सगळी वाळू बाहेर काढली. मग झाडाचा पाचोळा आणला, तो दोन दिवसांत चिखल झाला. एकदा जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापून पसरल्या. छान मऊ झाले होते, पण सकाळी पांढरा घोडा उठला तेव्हा त्याच्या पोटावर आठवड्याभराच्या बातम्या उमटलेल्या होत्या. त्याला घासून घासून काकांचे हात भरून आले. शेवटी आमची गाडी पेंढ्यावरच यायची, आणि पेंढा म्हटला की मी! रोज सकाळी आठही ठाण्यांतून मी फिरायचो. सुका पेंढा भिंतीकडे, ओला आणि लीद बाहेर, मग वर नव्या पेंढ्याचा थर. काका म्हणायचे, "हा पंजा आहे म्हणून माझी कंबर शाबूत आहे." हे ऐकून मी किती फुगायचो ते सांगायला नको.

आता बडबडीकडे येतो. बडबडी ही आमच्या शेवटच्या ठाण्यातली तांबूस घोडी. पागेत कुणीही पाऊल टाकले की ती दारावरून मान काढून फुरफुरणार, खिंकाळणार, ओठ हलवून काहीतरी सांगत राहणार. म्हणून तिचे हे नाव. गेल्या खेपेला तिला शिंगरू झाले, पण ते जगले नाही. काका तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. ह्या वर्षी ती पुन्हा गाभण राहिली आणि काका तिच्या ठाण्यापुढून जाताना चप्पलसुद्धा न वाजवता जाऊ लागले. ह्या खेपेला शिंगरू हाती लागलेच पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. त्यांची सून त्यांच्या हाताखाली पागेतच काम करते. तिचाही जीव त्या घोडीत अडकलेला होता, फक्त ती ते बोलून दाखवत नसे.

आणि नेमकी बडबडी खोकू लागली. आधी पाणी प्यायल्यावर एखाद-दुसरा खोकला, मग चालताना, मग उभ्या जागीच. तिची बडबड बंद झाली. काकांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या कुठल्याशा लांबच्या दौऱ्यावर होत्या आणि फोनमध्ये गाडीचा आवाज येत होता. "पेंढ्याच्या धुळीने होतंय. गाभण घोडीला धाप लागणं बरं नाही. पेंढा लगेच बंद करा आणि तिला भुसा घाला. मी आठवड्याने येते," एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, इथे खरा घोटाळा झाला. आपल्या भाषेत फरशीवर सतरंजी घालतात आणि गाईला चाराही घालतात. काकांचे सगळे आयुष्य जनावरांना चारा घालण्यात गेलेले. त्यांना भुसा म्हटल्यावर गव्हाचा भुसा आठवला, आणि घाला म्हटल्यावर गव्हाण.

"सूनबाई, पेंढा बंद करायला सांगितलाय. आणि घोडीला भुसा घालायचाय," काका म्हणाले.

"भुसा? खोकणाऱ्या घोडीला?"

"डॉक्टर कोण, तू का मी?"

"दोघंही नाही, मामंजी. म्हणून तर विचारतेय."

पण काकांनी ऐकले नाही. मी बडबडीच्या ठाण्यातला सगळा पेंढा बाहेर ओढला आणि खाली उघडी दगडी फरशी उरली. गव्हाणीत मात्र गव्हाचा भुसा काठोकाठ. बडबडीने तोंड घातले आणि नाकभर धूळ घेऊन ती जी खोकायला लागली ती थांबेचना. तीन दिवस ती त्या फरशीवर उभी होती. एकदा बसली तर पुढच्या पायांच्या कोपरांची कातडी सोलवटली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण पंजाला दात असतात, जीभ नसते.

चौथ्या दिवशी सूनबाईने काकांना न विचारताच फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई जवळजवळ किंचाळल्याच, "अहो खायला नव्हे, खाली! लाकडाचा भुसा!" आणि फोन तुटला. काका खजील झाले. त्यांनी मुकाट्याने लाकडाची वखार गाठली आणि करवतीखाली पडलेला भुसा पोत्यांत भरून आणला. पिवळाधमक, मऊ, अगदी पिठासारखा. बडबडीलाही तो बघून बरे वाटले असावे, कारण ती लगेच आडवी झाली. पण ती कूस बदलायची आणि भुशाचा ढग उठायचा. ढग उठला की खोकला, खोकला आला की आणखी ढग. शेवटी ती उठून भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. काका दारातच खाली बसले. "मी माझ्या हाताने मारतोय हिला," ते म्हणाले. सूनबाईने त्यांना पाणी आणून दिले आणि घोडीला बाहेर झाडाखाली नेऊन बांधले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दौरा अर्धा टाकून आल्या. आल्या त्या सरळ ठाण्यात शिरल्या. दारातून उन्हाची एक तिरीप आत पडली होती. त्यांनी मूठभर भुसा घेतला आणि त्या तिरपेत उडवला.

"खाली काय पडलं ते बघू नका, काका. वर काय राहिलं ते बघा," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे बघत राहिलो. उन्हात सोनेरी धूळ तरंगत होती आणि खाली यायचे नाव घेत नव्हती. "हे आणलंत कुठून?"

"वखारीतून. तुम्हीच म्हणालात, लाकडाचा भुसा."

"मी सुताराच्या रंध्याखालचा म्हणत होते हो. तो गुंडाळी गुंडाळीचा असतो तो."

"त्याला आम्ही सालपटं म्हणतो," काका म्हणाले.

"आमच्याकडे त्यालाही भुसाच म्हणतात."

सूनबाईलाच आधी हसू फुटले. ती म्हणाली, "खायचा भुसा झाला, उडायचा भुसा झाला, आता तेवढा झोपायचा भुसा आणा." मग डॉक्टरीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. फोनवर अर्धं वाक्य टाकून मी मोकळी झाले." काका हसले नाहीत. ते तडक सुताराकडे गेले.

रंध्याची सालपटे आली आणि काय सांगू तुम्हाला, बडबडी सुधारू लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की शेजारच्या ठाण्यात पेंढा झटकला तरी धूळ हिच्याच नाकात जाणार, म्हणून आठही ठाण्यांत सालपटे पसरली गेली. सगळ्यांचे भले झाले, फक्त माझे वांधे झाले. सालपटे माझ्या दातांच्या फटींतून गळायची. मग एक प्लॅस्टिकचा, बारीक बारीक दातांचा, हिरवागार नवा पंजा आला. तो लीद अलगद उचलायचा आणि सालपटे खाली चाळून टाकायचा. खरे सांगतो, मला त्याचा फार राग आला. मला दाण्याच्या पेटीमागे उभे करून ठेवले. दोन महिने मला कुणी हात लावला नाही. माझ्या दातांवर तांबडा गंज चढला आणि एका कोळ्याने तर पहिल्या दातापासून चौथ्या दातापर्यंत संसार थाटला. पण पेटीमागून मी रोज कान देऊन ऐकत असे. खोकला कमी होत होता. एका सकाळी काका आत आले आणि शेवटच्या ठाण्यातून खिंकाळणे ऐकू आले, चांगले लांबलचक. मी अडगळीत पडलो होतो आणि तरी मला आनंद झाला, हे माझे मलाच नवल वाटले.

मग डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. बडबडीला तपासून त्यांनी सांगितले, "पंधरा दिवस उरलेत. आता हिच्या ठाण्यात पेंढा घाला. पसरा म्हणतेय मी, नीट ऐका."

"पेंढा?" काकांचा आवाजच चढला. "बाई, आत्ता कुठे खोकला थांबलाय तिचा. परत पेंढा?"

"शिंगरू ओलं जन्माला येतं, काका. त्याच्या ओल्या नाकाला, तोंडाला ही सालपटं चिकटतात. पहिला श्वास घेताना ते नको. लांब, कोरडा पेंढा चिकटत नाही, आणि त्यात पाय रोवून उभंही राहता येतं."

"आणि धूळ?"

"म्हणून पेंढा निवडून आणायचा. आणि झटकून, बाहेर, अंगणात. एक एक काडी मोकळी झाली पाहिजे."

काका म्हणाले, "मागच्या खेपेला काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही."

"काही चुकलंच असेल असं नाही. पण ह्या वेळी जे आपल्या हातात आहे ते नीट करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूनबाई तोवर दाण्याच्या पेटीकडे पोहोचलीही होती. तिने मला बाहेर ओढले, कोळ्याला हलकेच भिंतीवर सोडले आणि विटेच्या तुकड्याने माझे दात घासायला घेतले. मित्रांनो, तुमच्या दातांना कुणी वीट लावली तर तुम्ही ओरडाल, मी मात्र सुखावलो.

आम्ही तिघे पेंढेवाल्याच्या शेडमध्ये गेलो. काका, सूनबाई आणि तिच्या खांद्यावर मी. एका बाजूला चकचकीत, सोन्यासारख्या पेंढ्याचे गठ्ठे रचलेले होते. काकांनी लगेच बोट केले, "हेच." सूनबाई म्हणाली, "थांबा, मामंजी," आणि तिने मला त्या गठ्ठ्याच्या पोटात दांड्यापर्यंत खुपसले. मला आत ऊब लागली! पेंढ्याच्या पोटात ऊब म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे बुरशी, हे इतक्या वर्षांत मला पाठ झाले आहे. तिने मला पीळ देऊन बाहेर काढले तेव्हा माझ्या दातांना काळपट पुंजका लटकला होता आणि त्यातून धुरासारखी धूळ निघत होती. तिने माझे दात हाताने चाचपले. "गरम लागतायत," ती म्हणाली. काकांनी आपले बोट मुकाट्याने मागे घेतले.

असे आम्ही सहा गठ्ठ्यांचे केले. मी खुपसला जायचो, बाहेर यायचो, मग एक मूठ उन्हात उडवायची आणि वर काय राहते ते बघायचे. सातवा गठ्ठा दिसायला अगदी फिका होता, कुणी पाहिलाही नसता. पण आत तो थंडगार होता, काड्या लांब आणि पोकळ होत्या आणि दात फिरवला की कुरकुर वाजत होत्या. उन्हात धरला तर हवा स्वच्छ. "हा," सूनबाई म्हणाली, आणि काका म्हणाले, "तू म्हणशील तो." काकांच्या तोंडून हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मग दोन दिवस अंगणात मी नुसता नाचलो. वर उचल, झटक, सोड, पुन्हा उचल. वारा धूळ घेऊन जायचा आणि खाली मोकळा, हलका पेंढा साचायचा. काका दमले की सूनबाई, सूनबाई दमली की काका, मी मात्र दमलो नाही. बडबडीला बाहेर बांधून तिचे ठाणे धुतले, वाळवले. मग आम्ही गुडघाभर पेंढा पसरला आणि भिंतीलगत त्याहूनही उंच चढवला, म्हणजे लोळताना शिंगराचे पाय भिंतीत अडकायला नकोत. सगळी हवा निवळल्यावर बडबडीला आत आणले. तिने वाकून अंथरूण हुंगले, गोल फिरली आणि एकदाही न खोकता आडवी झाली. काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली असे सांगितले, पण त्या ठाण्यात धूळ मुळी नव्हतीच.

आता आज सकाळचे. ऊन नुकतेच दारात आले होते. काका आत कोपऱ्यात थोडा ताजा पेंढा लावत होते आणि मी त्यांच्या हातात होतो. एकाएकी बडबडी खाली बसली आणि तिच्या अंगावर घाम फुटला. काकांनी मला कोपऱ्यात भिंतीला टेकवले, मागच्या पावली बाहेर गेले आणि दार लावून घेतले. सूनबाईने डॉक्टरीणबाईंना फोन केला, पण त्या पोहोचायच्या आतच सगळे झाले. आधी दोन चिमुकले खूर दिसले, मग नाक, मग बघता बघता अख्खे शिंगरू पेंढ्यावर घसरले. काळे, ओले, लांबच लांब पायांचे. काका आत जाऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याच्या नाकावरचा पडदा बोटाने बाजूला केला. नाकाला काही चिकटलेले नव्हते, एक काडी नाही. पण ते हलेना. आणि मग ते शिंकले! आधी शिंक, मग श्वास, मग आणखी एक श्वास. बडबडी मान वळवून त्याच्याशी जे बोलायला लागली ते अजून बोलतेच आहे.

काका बाहेर येऊन सूनबाईजवळ उभे राहिले. दोघेही रडत होते आणि दोघेही हसत होते. आनंदाच्या भरात दोघांनाही माझा विसर पडला.

मित्रांनो, बडबडी उठली. उठताना तिचा मागचा पुठ्ठा माझ्या दांड्याला लागला आणि मी भिंतीवरून घसरून पेंढ्यात आडवा पडलो. चारही दात वर. वर थोडा पेंढा पडला आणि मी जवळजवळ दिसेनासा झालो. तेवढ्यात शिंगराने उभे राहायला सुरुवात केली. पुढचे पाय फाकवायचे, मागचे उचलायचे, आणि धपकन पडायचे. एकदा पडले ते आईजवळ. दुसऱ्यांदा पडले ते मधोमध. तिसऱ्यांदा ते चार पावले लडखडत माझ्याच दिशेने आले. त्याचे पोट माझ्या दातांपासून हातभर अंतरावर होते. ज्या दातांचा मी आयुष्यभर तोरा मिरवला, त्यांची मला तेव्हा भीती वाटली. मला हलता येत नव्हते. मला मोडून पडावेसे वाटत होते.

सूनबाईला पेंढ्यातून एक टोक चमकताना दिसले. ती ओरडली नाही, कारण ओरडली असती तर घोडी बिथरली असती. ती दार सरकवून भिंतीला पाठ लावून आत आली, वाकली, आणि दांडा शोधत न बसता तिने माझे दातच उघड्या हाताने पकडून मला ओढले. मी सुटलो आणि त्याच क्षणी शिंगरू मी होतो त्याच जागी धपकन बसले, मऊ पेंढ्यावर. त्याला काही कळलेसुद्धा नाही. त्याने पुन्हा पाय फाकवले आणि ह्या वेळी ते उभे राहिले.

सूनबाई बाहेर आली तेव्हा तिच्या तळव्यातून रक्त येत होते. काकांनी मला पाहिले, तिचा हात पाहिला आणि ते धावत तिच्याजवळ आले.

"मी ठेवला होता तो आत," ते म्हणाले. "इतकी वर्षं काम करतोय, आणि मी ठेवला."

"आता बाहेर आहे ना, मामंजी," ती म्हणाली. "चला, हात धुवायला पाणी ओता."

मी आत्ता पागेच्या बाहेरच्या भिंतीला टेकून उभा आहे, दात भिंतीकडे. आत शिंगरू दूध पिते आहे, त्याचा चुटूचुटू आवाज इथवर येतो. मला ते बघायची इतकी घाई झाली आहे की काय सांगू! पण मित्रांनो, तुमच्या घरी, शेतावर, शाळेच्या बागेत माझ्यासारखी दातांची, धारेची अवजारे असतील. ती खूप कामाची असतात आणि आपल्या माणसांना जीव लावून असतात. तरी काम संपले की त्यांना लहानग्यांजवळ विसरू नका. लगेच उचला, बाहेर न्या, तोंड भिंतीकडे करून ठेवा. आम्हाला मुळीच राग येत नाही.